वस्तूला तिचं काम विचारा

कन्सेप्च्युअल स्टिल लाइफचे, म्हणजे वस्तू मांडून एखादी कल्पना सांगणारे फोटो बघायला लागलं की तेच ते सामान समोर येतं, वाळूचं घड्याळ म्हणजे वेळ, फुटलेला आरसा म्हणजे मोडलेलं मन, सुकलेला गुलाब म्हणजे संपलेलं प्रेम. फोटो सुंदर काढलेले असतात, लाइट मस्त असतो, पण बघणाऱ्याला करायला काही उरतच नाही. अर्थ आधीच चिकटवून ठेवलेला, आपण फक्त लेबल वाचायचं आणि पुढे जायचं.

सतराव्या शतकातल्या डच चित्रकारांचं वेगळं होतं. कवटी, विझलेली मेणबत्ती, खिशातलं घड्याळ ही त्यांची व्हॅनिटास (सगळं नश्वर आहे, मरण येणार आहे याची आठवण देणाऱ्या) चित्रांतली भाषाच होती आणि ती बघणाऱ्यांना येत होती, त्या मागे एक अख्खी श्रद्धा उभी होती. आपण त्यातलं फक्त सामान उचललं.

मला वाटतं सुरुवात उलटीकडून करावी. 'एकटेपणा दाखवायला काय ठेवू' असं न विचारता घरातली एखादी वस्तू हातात घ्यायची आणि ती दिवसभर काय करते ते बघायचं. कपड्याचा चिमटा धरून ठेवतो. कात्री वेगळं करते. सेफ्टी पिन जोडते पण तात्पुरतं, आणि जोडताना भोक पाडतेच. चावी एकाच ठिकाणी उपयोगाची, बाकी सगळीकडे नुसता धातूचा तुकडा. हे सगळं त्या वस्तूतच आहे, आपण बाहेरून काही घातलेलं नाही, आणि म्हणूनच फोटोत ते पोचतं. मग ते काम थोडं अडवायचं किंवा उलटं फिरवायचं, बस. मॅन रे या अमेरिकन कलाकारानं १९२१ मध्ये इस्त्रीच्या तळाला खिळ्यांची एक रांग चिकटवली. सुरकुत्या काढणारी वस्तू आता कापड फाडणार! तिला नाव दिलं 'भेट', म्हणजे गिफ्ट. ती मूळ इस्त्री प्रदर्शनाच्या पहिल्याच दिवशी गायब झाली, तिचा फोटो मात्र राहिला, आणि नुसत्या फोटोतूनही ती अजून टोचते.

आता दोन वस्तू एकत्र आल्या की खरी मजा. दोन साधे कप घ्या, अगदी सारखे. दोघांचे कान एकाच दिशेला ठेवले की ते दुकानातल्या फळीवरचे वाटतात. कान एकमेकांकडे केले की जवळीक येते, पाठमोरे केले की भांडण, आणि एकाचा कान दुसऱ्याकडे पण दुसऱ्याचा भिंतीकडे असं केलं की मी तरी त्या फोटोसमोर थांबतो, कारण आता कोणीतरी वाट बघतंय. त्यातलं अंतर पण बघा, कप टेकलेले असले तर एक गोष्ट, बोटभर फट असली तर वेगळी (ही बोटभर फट सगळ्यात जास्त बोलते असं माझं मत), आणि हातभर लांब गेले की नातंच तुटतं, फ्रेममध्ये दोन वेगळे फोटो झाल्यासारखं होतं. पुढच्या कपाची सावली मागच्यावर चढली की अजून एक अर्थ आला. कप तेच, टेबल तेच. म्हणून मी म्हणतो की प्रतीक वस्तूत नसतं, दोन वस्तूंच्या मधल्या जागेत असतं.

सावलीला तर मी तिसरी वस्तूच मानतो. हंगेरीत जन्मलेला फोटोग्राफर आंद्रे केर्तेझ याचा १९२८ चा काटा-चमच्यातल्या काट्याचा फोटो शोधून बघा, प्लेटच्या कडेवर टेकलेला एक काटा आणि त्याची सावली, एवढंच. तो फोटो चांदीच्या भांड्यांच्या जाहिरातीतही वापरला गेला आणि म्युझियममध्येही गेला. आणि मग स्पेनचा फोटोग्राफर चेमा मादोझ बघा, १९५८ चा जन्म, सगळं काम ब्लॅक अँड व्हाइट, त्याचा एक फोटो आहे ज्यात चमचा ठेवलाय आणि सावली मात्र काट्याची पडलीये. केवढं बोलतो तो फोटो, आणि सामान काय तर स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमधलं.

टेक्निकल बाजू फार अवघड नाही. सावली धारदार हवी तर लाइट लहान आणि लांब हवा, सरळ ऊन किंवा उघडा बल्ब, आणि वस्तू पृष्ठभागाच्या जवळ. मऊ हवी तर खिडकीला पातळ पांढरा पडदा. अंधारी बाजू फारच काळी जात असेल तर लाइटच्या समोरच्या बाजूला पांढऱ्या थर्माकोलचा तुकडा धरा, म्हणजे उजेड परतून तिकडे पडतो. ट्रायपॉड, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) १००, एफ (लेन्सचं छिद्र) ८ किंवा ११, टायमर, मग शटर कितीही हळू असलं तरी चालतं कारण कप काही हलणार नाही. मोबाइलवरही होतं, फक्त फार जवळ जाऊन वाइड लेन्सनं काढू नका, आकार वेडावाकडा होतो आणि बघणाऱ्याचं लक्ष तिकडेच जातं. कॅमेऱ्याची उंची मात्र जपून ठरवा, टेबलाच्या लेव्हलला आणलं की वस्तू माणसासारखी उभी राहते, वरून काढलं की पुरावा म्हणून मांडल्यासारखी दिसते.

शेवटचं नावाबद्दल. खाली 'विरह' किंवा 'अपूर्णता' लिहायचा मोह होतो, तो आवरा प्लीज. मादोझ त्याच्या फोटोंना नावच देत नाही, आणि मला ते पटतं. पाठमोऱ्या दोन कपांच्या खाली 'दुरावा' लिहिलं की ज्याला त्यात रात्रपाळीवरून आलेला आणि झोपायला निघालेला असे दोघं दिसले असते, त्याचा फोटो आपण हिसकावून घेतो.