ट्रिम केलं, तरी नाव का जुळत नाही?

परभणी-हिंगोलीकडची पोरं गावांच्या, शेतकऱ्यांच्या याद्या संगणकावर एकमेकींशी जुळवत बसतात आणि हमखास विचारतात, ‘सर, ट्रिम केलं, तरी नाव जुळत का नाही?’ तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगतो. न दिसणाऱ्या एका अक्षरापायी यादीतलं नाव ‘सापडलं नाही’ असं येतं आणि एखादा माणूस तालुक्याला हेलपाटे घालत राहतो. म्हणून मला हे काम किरकोळ वाटत नाही.

प्रोग्रामिंगच्या भाषांतल्या ट्रिमसारख्या आज्ञा, म्हणजे पायथनचं स्ट्रिप, जावास्क्रिप्टचं ट्रिम, नावाच्या फक्त दोन्ही टोकांच्या स्पेस, म्हणजे मोकळ्या जागा, साफ करतात. मधली स्पेस राहते, आणि ती राहायलाच हवी. वैतागून सगळ्या स्पेस उडवल्या तर शिरूर अनंतपाळचं ‘शिरूरअनंतपाळ’ होतं. मध्ये दोन-तीन पडल्या असतील तर त्यांची एक करा. पायथनमध्ये स्प्लिटने शब्द सुटे करून एका स्पेसने जॉइन केले, म्हणजे पुन्हा जोडले, की झालं.

तरीही जुळेना, तर अक्षरांचे यूनिकोड क्रमांक, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला दिलेला ठरावीक आकडा, छापून बघा. डोळ्यांवर विसंबू नका. साधी स्पेस ३२. वेबवरून कॉपी केलेल्या मजकुरात बऱ्याचदा १६० येते, ओळ तुटू न देणारी. पायथनचं स्ट्रिप तीही काढतं, एक्सेलचं ट्रिम काढत नाही. ८२०३ ही शून्य रुंदीची स्पेस मात्र दोघांच्याही हाती लागत नाही, कारण यूनिकोड तिला व्हाइटस्पेसमध्ये, म्हणजे मोकळ्या जागेच्या अक्षरांत, धरतच नाही.

इथपर्यंत सगळ्या भाषांचं सारखंच. आपलं खरं दुखणं पुढे आहे. ‘सगळी अदृश्य अक्षरं काढा’ असा तयार कोड मराठीवर चालवू नका, हे मी कळकळीने सांगतो. ‘शेतकऱ्यांचा’ हा शब्द कित्येक फाइलींत र, हलन्त, ८२०५ हा अदृश्य जोडक आणि य असा लिहिलेला असतो. जोडक गेला की रफार वर चढतो आणि ‘शेतकर्यांचा’ उरतं. दुसऱ्या फाइलीत त्याच जागी ऱ, म्हणजे २३५३, असतो. पडद्यावर दोन्ही सारखे, स्ट्रिंग, म्हणजे आतली अक्षरांची मालिका, वेगळ्या; एकच अक्षर वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेलं असेल तर ते एकसारखं करणाऱ्या यूनिकोड नॉर्मलायझेशननेही त्या एक होत नाहीत.

मी आधी र-हलन्त-जोडकाचा ऱ-हलन्त करतो, मग ८२०३ काढतो आणि स्ट्रिप शेवटी लावतो, कारण ८२०३च्या आड साधी स्पेस दडलेली असू शकते. साफ केलेलं नाव शेजारच्या रकान्यात ठेवा. मूळ रकान्याला हात लावू नका, पडताळणीला तोच लागतो.