तिसरं पिंप: अखेर गळती थांबली

काल रात्री भरलेलं पाणी सकाळपर्यंत थेंबभरही बाहेर आलं नाही! मद्य मुरवायला घरी केलेलं दहा लिटरचं ओकचं पिंप, १६ फळ्या, गोंद अजिबात नाही. दुसऱ्या पिंपाच्या नोंदीत मी गळतीचा दोष सांध्यांवर टाकला होता. तो चुकीचा होता, म्हणून आधी तेच सांगतो.

ते पिंप सोडवलं तर सांधे घट्ट होते. पाणी एका फळीतूनच झिरपत होतं. फळी करवतीने कापलेली, लाकडाच्या तंतूंच्या रेषा तिरक्या जाऊन बाहेरच्या अंगाला निघालेल्या. लाकडातल्या नळ्या म्हणजे पाण्याच्या वाटाच. अमेरिकन पांढऱ्या ओकमध्ये त्या टायलोसिसने (नळीत आत वाढणाऱ्या फुग्यासारख्या पेशींनी) चांगल्या बुजलेल्या असतात, म्हणून तो कापूनही चालतो. युरोपीय ओकमध्ये हे बुजणं कमी, त्यामुळे तो पाचर मारून रेषेवरच फोडावा लागतो. माझा ओक युरोपीय होता. (नळ्या उघड्या म्हणजे काय ते बघायचं तर लाल ओकच्या तुकड्याचं एक टोक पाण्यात बुडवून दुसऱ्या टोकातून फुंका, बुडबुडे येतील.)

या वेळी फोडीव लाकूड घेतलं, दोन वर्षं उन्हापावसात पडलेलं. पावसाने त्यातलं कडवट टॅनिन बरंच धुऊन जातं.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो कडांनी. रंधा उलटा, पातं वर, आणि फळी त्यावरून ढकलायची. प्रत्येक कड पिंपाच्या मध्याकडे रोखलेली हवी. फळ्या कमी-जास्त रुंद असल्या की कोनही बदलतो: पोटाचा घेर ७८ सेंटिमीटर धरला तर ४ सेंटिमीटरच्या फळीला साधारण ९ अंश, ६च्या फळीला जवळजवळ १४. दोन फळ्या जोडून दिव्यासमोर धरायच्या आणि फटीतून उजेडाची रेघ दिसली की पुन्हा रंध्यावर. पाच संध्याकाळी यातच गेल्या, आणि त्या सार्थकी लागल्या.

वाकवताना आत ओकच्याच ढलप्यांची शेगडी, बाहेरून ओलं फडकं. अर्ध्या तासाने दोरीचा फास आवळत गेलो. एकही फळी तडकली नाही. आधी ओल्या लाकडाचा वास, मग भाजलेल्या पावाचा, आणि शेवटी व्हॅनिला. लाकडाला कठीणपणा देणारं लिग्निन उष्णतेने फुटून व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाच्या वासाचं द्रव्य, तयार होतं ते हेच. तो वास आल्यावर मी शेगडी काढली.

झाकणाच्या पट्ट्यांमध्ये खुंट्या आणि वाळलेलं लव्हाळं घातलं. लव्हाळं फुगून फट बुजवतं.

चाचणीला लिटरभर उकळतं पाणी ओतून बूच मारलं आणि पिंप हलवलं. वाफेच्या दाबाने, झाकण बसतं त्या खाचेपाशी, पाण्याचा एक मणी चमकला. फळ्या आवळणारं कडं दोन घाव खाली ठोकल्यावर तो थांबला. मग गार पाण्याने काठोकाठ भरलं.

पिंप अजून दोन दिवस पाण्याने भरलेलंच ठेवतोय, मग मद्य. २०० लिटरच्या पिंपापेक्षा यात लिटरमागे मद्याला लाकडाचा स्पर्श कितीतरी जास्त होतो आणि लाकडाची चव लवकर उतरते, म्हणून दर आठवड्याला चव बघणार आहे.