काकूंची कॅप्सूल आणि प्रयोगशाळेतल्या पेशी

वाशीत आमच्याच सोसायटीत राहणाऱ्या एका काकूंची केमोथेरपी सुरू आहे. ई जीवनसत्त्व कॅन्सरच्या पेशी मारते असे कोणीतरी सांगितल्यावरून त्यांनी रोज ४०० युनिटची कॅप्सूल घ्यायला सुरुवात केली, आणि मी रसायनशास्त्र शिकवत असे म्हणून मला त्याविषयी विचारले. ते विधान साफ खोटे असते तर समजावणे सोपे गेले असते.

ई जीवनसत्त्व हा एकच पदार्थ नाही. अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा अशी चार टोकोफेरॉल्स आणि त्याच नावांची चार टोकोट्रायनॉल्स मिळून हे आठ संयुगांचे कुटुंब होते. त्यांपैकी गॅमा आणि डेल्टा टोकोट्रायनॉल प्रयोगशाळेत वाढवलेल्या कर्कपेशींवर घातले की त्यांची वाढ खुंटते आणि त्या मरू लागतात, असे अनेक प्रयोगांत दिसले आहे. त्याहून नवल अल्फा-टोकोफेरिल सक्सिनेटचे: अल्फा टोकोफेरॉलला ज्या हायड्रॉक्सिल गटामुळे अँटिऑक्सिडंट गुण येतो, तोच गट इथे सक्सिनिक आम्लाने बांधलेला असतो, त्यामुळे हे संयुग पेशीचे रक्षण करण्याऐवजी तिच्या मायटोकाँड्रियाच्या कामात अडथळा आणते. मात्र तेच तोंडावाटे घेतले, तर तो बंध आतड्यातच तुटतो आणि रक्तात पोहोचते ते साधे अल्फा टोकोफेरॉल. यकृतातले एक प्रथिनही अल्फालाच निवडून रक्तात पाठवते. बाकीच्या भावंडांचे बहुतांशी विघटन होते. काकूंच्या कॅप्सूलमध्येही अल्फाच होते.

माणसांवरच्या चाचण्यांकडे पाहावे, तर फिनलंडमधल्या धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना रोज ५० मिलिग्रॅम अल्फा टोकोफेरॉल दिल्यावर प्रोस्टेटचा कर्करोग सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळला होता. त्या आशेने अमेरिकेत ३५ हजारांहून अधिक पुरुषांवर ‘सिलेक्ट’ ही चाचणी २००१ मध्ये सुरू झाली. तिथे मात्र रोज ४०० युनिट ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत तो कर्करोग १७ टक्क्यांनी अधिक निघाला, हे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. काकूंचा आजार वेगळा आहे, परंतु मात्रा नेमकी तीच असल्यामुळे मला हा आकडा त्यांच्यापासून लपवता येईना.

शिवाय काही केमो औषधांचा पेशींवरचा मारा अंशतः ऑक्सिडेशनमधून होतो, म्हणून उपचार चालू असताना अँटिऑक्सिडंटच्या मोठ्या मात्रा स्वतःच्या मनाने घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. जेवणातले शेंगदाणे, बदाम किंवा राइस ब्रॅन तेल यांची गोष्ट निराळी. ती मात्रा फारच लहान असते.

मंगळवारी त्या खारघरला तपासणीसाठी गेल्या, तेव्हा कॅप्सूलची पट्टी मी आठवणीने त्यांच्या फायलीत ठेवायला लावली. डॉक्टरांनी केमो संपेपर्यंत ती बंद करायला सांगितली आहे.