पेट्या लगेच मिळतात, मास्तरांचं मानधन नाही

आमची संस्था छोटी. मिरजेच्या आसपासच्या जिल्हा परिषद शाळांतल्या मुलांना शनिवार-रविवार गाणं, पेटी, तबला शिकवतो. फी नाही. नुसत्या वर्गणीवर भागेना, म्हणून सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांनी समाजकामासाठी द्यायच्या पैशांच्या, मागे लागलो.

कायदा वाचायला सोपा आहे. 2013 च्या कंपनी कायद्याचं कलम 135. ज्या कंपनीची नक्त मालमत्ता 500 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी वा त्याहून जास्त, तिने आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजकामावर खर्च करायचे. कामांच्या यादीत शिक्षणही आहे आणि कला-संस्कृतीही. आम्ही शिक्षणात अर्ज केला.

आयकर खात्याकडच्या 12ए आणि 80जी या नोंदण्या, तीन वर्षांच्या कामाचे पुरावे, सीएसआरचा पैसा घेणाऱ्या संस्थांच्या नोंदणीचा 2021 पासून लागू झालेला सीएसआर-1 फॉर्म, हे सगळं आमच्या सीएंनी मार्गी लावलं. अडलं ते विश्वस्तांच्या यादीवर. एक विश्वस्त वारले होते, नवे घेतले होते, पण धर्मादाय कार्यालयात त्या बदलाची नोंद करायचा अर्ज, चेंज रिपोर्ट, मंजूर व्हायचा होता. म्हणजे कागदोपत्री गेलेला माणूस अजून विश्वस्तच! तो मंजूर होईपर्यंत कंपनीने फाईल हलवली नाही. त्यांचंही बरोबरच होतं म्हणा.

खरी रस्सीखेच बजेटवर झाली. कंपनीच्या मॅडम म्हणाल्या, "सर, वाद्यांचं लगेच करू." मानधनाचा विषय काढला की मात्र सगळे गप्प. पेट्यांचं बिल मिळतं, फोटो निघतो, साहेबांच्या हस्ते वाटप होतं. मास्तरांचं काय दाखवणार?

पुढच्या बैठकीला मी एका शाळेतला तबला पिशवीत घालून नेला. पुडी म्हणजे वरचं कातडं फाटलेलं, त्यावरच्या शाईचे खपले उडालेले, ताणाची वादी सैल. टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "हाही देणगीतलाच. शिकवायला माणूस नव्हता." मग बोलणं पुढे सरकलं. तरी त्यांचे अकाउंट्सवाले अडून बसले, की मानधन प्रशासकीय खर्चात जाईल आणि त्याला 5 टक्क्यांची मर्यादा आहे. आमच्या सीएंनी नियमच दाखवला: प्रकल्पाच्या कामावर थेट होणारा खर्च त्या 5 टक्क्यांत धरत नाहीत. अर्ज करणाऱ्यांनी हे पाठ करून जावं. पुड्या बदलायचा खर्चही तेव्हाच मागून घ्यावा, नंतर कोणी देत नाही.

'आउटकम'च्या रकान्यात हजेरी आणि गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक परीक्षेला बसणारी मुलं लिहिली. सूर लागला की नाही, याला रकाना नाही.

पहिला हप्ता मार्चमध्ये, आर्थिक वर्ष संपता संपता आला. वर्षभर आमचे फोन न उचलणारे तेव्हा स्वतःहून फोन करत होते. शेवटचा वाद लोगोचा. त्यांना तो डग्ग्यावर रंगवून हवा होता. पेट्यांच्या खोक्यांवर तडजोड झाली.