आमची वाटचाल : झेरॉक्सपासून नकाशांपर्यंत

कुडाळला आमची सुरुवात झेरॉक्स आणि प्लॉटर प्रिंटच्या एका गाळ्यातून झाली. मोजणीवाले, वकील, जागेचे दलाल नकाशे घेऊन यायचे. पुढे तेच नकाशे संगणकावर उतरवून द्यायला लागलो, आणि मग लोक म्हणू लागले, नुसता नकाशा नको, त्यात शोधता आलं पाहिजे.

कोकणात हे सोपं नाही. एका सर्वे नंबरात ढीगभर पोटहिस्से, दोन-दोन गुंठ्यांच्या पट्ट्या, गडग्याबरोबर वळणाऱ्या हद्दी. गिऱ्हाईक नकाशावर बोट ठेवून विचारतं, "हे कोणाच्या हिश्शात?" प्रत्येक बहुभुज, म्हणजे हिश्शाच्या हद्दीचा अनेक बाजूंचा आकार, तपासत बसलो तर ते चहा पिऊन निघून जाईल.

पहिल्यांदा आर-ट्री वापरलं, म्हणजे नकाशातले आकार पटकन शोधायची झाडासारखी मांडणी. अँटोनिन गुटमन यांनी १९८४ मध्ये मांडलेली ही रचना. प्रत्येक आकाराभोवती आडवी-उभी चौकट, जवळजवळच्या चौकटींभोवती आणखी मोठी चौकट. बिंदू ज्या चौकटीत नाही, ती अख्खी फांदी सोडायची. उरलेल्या मोजक्या आकारांचीच खरी तपासणी. पोस्टजीआयएस या नकाशांच्या डेटाबेसमध्ये हे आयतं मिळतं, तेही फुकट, आणि छोट्या धंद्याला ते महत्त्वाचं.

घोडं अडलं महामार्गावर. ६६ नंबरच्या मुंबई-गोवा महामार्गाचा पट्टा आमच्याकडे एकच लांबलचक बहुभुज म्हणून आला. रुंदी थोडी, पण तिरका जात असल्यामुळे त्याच्या चौकटीत निम्मा तालुका! हायवेपासून लांबच्या कलमांच्या बागेत बोट ठेवलं तरी महामार्ग तपासणीला हजर, आणि त्याचे हजारो कोपरे मोजण्यात वेळ जायचा. खाड्यांचंही तेच. उपाय साधा निघाला : पोस्टजीआयएसमधलंच आकार तोडायचं एसटी_सबडिव्हाइड हे फंक्शन वापरून पट्ट्याचे तुकडे केले, प्रत्येकावर मूळ नंबर ठेवला. क्षेत्रफळ मात्र अखंड आकारावरूनच काढतो.

मोबाइलवरच्या ॲपसाठी वेगळा विचार केला, कारण घाटाखालच्या वाड्यांत रेंज नसते. तिथे क्वाडट्री घेतलं, म्हणजे नकाशाच्या चौकोनाचे गरजेप्रमाणे चार-चार तुकडे करत जाणारी रचना. फिंकेल आणि बेंटली यांचं मूळ क्वाडट्री १९७४ चं, बिंदूंसाठी. बहुभुजांच्या नकाशांसाठी सॅमेट आणि वेबर यांनी १९८५ मध्ये पीएम क्वाडट्री मांडलं. त्यात एका चौकोनात एकच कोपरा बसतो. दोन हद्दींचे कोपरे हातभर अंतरावर असले की चौकोनाचे चार, त्यातल्या एकाचे पुन्हा चार, असं चालूच राहतं. भाऊबंदकीतल्या जमिनीत असे कोपरे पावलोपावली! म्हणून आम्ही पीएमआर हा क्वाडट्रीचाच दुसरा प्रकार निवडला. नवी रेषा घालताना ठरलेल्या मर्यादेपेक्षा रेषा जास्त झाल्या तर चौकोन एकदाच फुटतो, त्यामुळे झाड आटोक्यात राहतं. शिवाय आम्ही सामाईक बांध एकदाच साठवतो, त्यामुळे शेजाऱ्यांच्या हद्दींमध्ये खोट्या फटी पडत नाहीत. मला विचाराल तर आमच्या मुलखाला हीच रचना मानवते.

हद्दीचे वाद मात्र आम्ही सोडवत नाही. त्याला भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी लागते, हे गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी सांगतो. पावसाळ्यात शेतावरची कामं थांबली की जुने नकाशे साफ करायचे आणि शोधासाठीच्या या रचना, म्हणजे इंडेक्स, नव्याने बांधायचे; यंदा मालवणच्या खाडीपट्ट्याची पाळी आहे.