बसच्या खिडकीतली जिंजी

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्या रात्री आमच्या घरात टीव्हीसमोर एक प्रश्न पडला. ११ किल्ले महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी, हे ऐकून माझा मुलगा आप्पांकडे वळला. "आजोबा, तुम्ही तर तिथंच होता की. कसा आहे किल्ला?"

आप्पा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बसमधनं दिसायचा."

आमचं गाव विट्याजवळ. या भागातल्या कुठल्याही घरात विचारा, एखादा चुलता मदुराईत असतो, एखादा मेहुणा कोईमतुरात. पाऊस नाही म्हणून माणसं बाहेर पडली आणि देशभर सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात शिरली. आप्पा १९७६ साली २० वर्षांचे असताना तिंडिवनमला गेले, ते २०१० ला परत आले. म्हणजे ३४ वर्षं. तिंडिवनमपासून जिंजी २८ किलोमीटर. तासाभराची बस.

मला याचा राग यायचा. पण लहानपणी दुकान पाहिलंय मी, चौथीपर्यंत तिथंच शिकले. लोकांचे जुने दागिने मुशीत टाकणखार घालून आटवायचे. शुद्ध सोनं काढायचं तर एका भागाला तीन भाग चांदी मिसळून तो रस पुन्हा ओतायचा आणि मग तेजाबात सोडायचा. चांदी विरघळते, तळाला तपकिरी गाळ उरतो. तोच सोनं. पिवळट धूर उठला की आम्हा पोरांना बाहेर हाकलायचे. अशा वेळी दुसऱ्याचं पाच तोळे सोनं भांड्यात ठेवून किल्ला बघायला कोण जाणार? आणि दुकान बंद ठेवलं, तर गिऱ्हाईक शेजारच्या आपल्याच गाववाल्याकडे जातं. तो तर जास्त अवघड भाग.

तर जानेवारीत, पोंगल झाल्यावर, मी गाडी काढली. मी, आप्पा आणि मुलगा. तिकडचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, आपल्या उलटा. त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारी हेच फिरायचे महिने. मार्चनंतर जाऊ नका, दगड तापतो.

जाताना मी मुद्दाम राजाराम महाराजांची वाट धरली. संभाजी महाराजांच्या हत्येनंतर रायगडाला मोगलांचा वेढा पडला. राजाराम महाराज निसटून पन्हाळ्यावर आले आणि सप्टेंबर १६८९ मध्ये तिथून वेषांतर करून दक्षिणेला निघाले. बेदनूर, बंगळूर, आंबूर, वेल्लोर आणि नोव्हेंबरात जिंजी. बखरी सांगतात की बंगळूरच्या मुक्कामात नोकर गरम पाण्यानं त्यांचे पाय धुताना दिसले, तेव्हा हा साधा यात्रेकरू नव्हे असा संशय आला. महाराजांना पुढं काढून देऊन त्यांचे चिटणीस खंडो बल्लाळ मागं थांबले आणि पकडले गेले.

आम्ही कऱ्हाडला महामार्गाला लागलो आणि कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, चित्रदुर्ग करत पहिला मुक्काम तुमकुरला. पन्हाळा उजवीकडे कुठंतरी राहिला. दुसऱ्या दिवशी कृष्णगिरी शहरावरून आंबूर. आंबूर कातड्याच्या कारखान्यांसाठी आणि बिर्याणीसाठी प्रसिद्ध. बिर्याणीबरोबर वांग्याची आंबट भाजी देतात, ती घ्याच. आप्पांनी गंध-माळ असूनही मला जेवू दिलं, स्वतः दहीभात खाल्ला. वेल्लोरचा किल्ला भुईकोट, भोवती पाण्यानं भरलेला रुंद खंदक. मराठ्यांनी तो वर्षभराहून जास्त वेढा घालून १६७८ साली घेतला. १८५७ च्या आधी ५१ वर्षं, १८०६ मध्ये शिपायांचं बंड झालं तेही इथंच. वेल्लोरात लॉजवाल्यानं फोनवर पार्किंग आहे म्हणून सांगितलं होतं. पार्किंग म्हणजे समोरचा रस्ता. रात्रभर मला झोप नाही.

वेल्लोरहून आरणी, चेतपेट करत जिंजीला जाणारा रस्ता मला सगळ्यात आवडला. महामार्ग नाही, म्हणून आवडला. दोन्ही बाजूला भात आणि मधूनच गोल गुळगुळीत धोंड्यांचे डोंगर, जणू कोणी गाड्या भरून आणून ओतलेत. आपल्याकडे सह्याद्रीला थर असतात, पायऱ्या असतात, कडा असतो. इथं नुसती रास. आप्पा मागच्या सीटवर होते. चेतपेट सोडल्यावर पुढं सरकून बसले.

जिंजी म्हणजे एक किल्ला नव्हे. राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रायणदुर्ग असे तीन डोंगर, आणि तिन्हींना जोडत फिरणारा तट. तिरुवण्णामलैचा रस्ता थेट किल्ल्याच्या आतून जातो. म्हणजे आप्पा ३४ वर्षांत किती वेळा तिरुवण्णामलैला गेले असतील, तेवढ्या वेळा किल्ल्यातून गेले. फक्त उतरले नाहीत.

राजगिरी साधारण ८०० फूट उंच. पायऱ्या चांगल्या बांधलेल्या आहेत पण उंच आहेत, आणि माकडं पिशवी ओळखतात. दुपारनंतर वर सोडत नाहीत, तेव्हा सकाळीच पोचा. आप्पांचे गुडघे पाहता ते खाली कल्याण महालापाशी थांबले. चौकोनी अंगण, भोवती खोल्या, मधोमध मजल्यावर मजले चढवत नेलेला मनोरा आणि वर निमुळतं टोक. आम्ही दोघं वर गेलो.

माथ्याच्या जरा अलीकडे डोंगरालाच एक भेग आहे. खोल, उभी, आणि तिच्यावर लाकडी पूल. पूल काढून घेतला की वरचा माथा जगापासून तुटला. पुलावर उभं राहिल्यावर मला वेढ्याची ती आठ वर्षं कळली. शिवाजी महाराजांनी १६७७ मध्ये दक्षिणेच्या मोहिमेत जिंजी घेतली आणि बळकट केली, ती बारा वर्षांनी मुलाच्या कामी आली. १६९० पासून मोगल सरदार झुल्फिकारखान वेढा घालून खाली बसला होता. गड पडला १६९८ मध्ये, तोवर राजाराम महाराज निसटलेले होते. परतल्यावर त्यांनी राजधानी केली ती साताऱ्याला. आमच्या शेजारच्या जिल्ह्याच्या गादीची गोष्ट इथल्या धोंड्यांतून जाते, आणि शाळेत आम्ही ती दोन ओळींत संपवली. वरून धान्याची कोठारं, तळी, देवळं, मशीद, सगळं एका नजरेत येतं. मुलगा तोफेवर बसायला निघाला होता, रखवालदारानं तमिळमध्ये हाणलं. मला कळलं ते मी त्याला भाषांतर करून सांगितलं नाही.

खाली आलो तर आप्पा एका म्हाताऱ्या रखवालदाराशी अस्खलित तमिळमध्ये बोलत बसलेले. त्याच्या बायकोची नथ तिंडिवनमला कुठल्या दुकानात आटवली होती, यावर चर्चा चालली होती.

तिंडिवनमला चुलतभावाकडे मुक्काम. दुकान तेच, फळी नवीन. तिथून मरक्काणमला समुद्राकडे उतरा. हा टप्पा सकाळी लवकर करायचा. मरक्काणमला मिठागरं आहेत, रस्त्याच्या दोन्ही बाजूला चौकोनी आरसे मांडल्यासारखी, आणि बांधावर मिठाचे ढीग. जवळच कळुवेली तळं, हिवाळ्यात पक्ष्यांनी भरतं. तिथून ईस्ट कोस्ट रोड पुदुच्चेरीला जातो. नाव पाहून वाटतं की समुद्र सतत शेजारी असेल. तसं नाही. सुरूची झाडं, गावं, मग मधेच एका वळणावर निळा पट्टा आणि पुन्हा झाडं. पुदुच्चेरीबद्दल मी लिहीत नाही, त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

कडलूरला मात्र थांबा, जरी बघायला जवळपास काही नाही. देवनांपट्टिणमला इंग्रजांचा सेंट डेव्हिड किल्ला होता. ही जागा इंग्रजांनी १६९० मध्ये विकत घेतली ती मराठ्यांकडून, जिंजी दरबाराकडून. वेढ्यात पैसा लागतो. करार असा की तोफेचा गोळा जिथवर जाईल तिथवरची गावं त्यांची. इंग्रजांनी हाताशी होती ती चांगली तोफ आणून चहूबाजूंनी गोळे डागले. त्या गावांना गोळ्याची गावं असं नाव पडलं. आप्पांना हा व्यवहार फारच लागला. "वजन न करता माल दिला," म्हणाले, आणि चिदंबरमपर्यंत तेच घोकत होते.

तरंगंबाडी सुंदर आहे, शांत आहे, आणि तिथं डेन्मार्कचा किल्ला आहे. १६२० साली तंजावरच्या रघुनाथ नायकाच्या परवानगीनं बांधलेला, १८४५ मध्ये इंग्रजांना विकलेला. शेजारचं जुनं शंकराचं देऊळ समुद्रानं अर्धं खाल्लंय. संध्याकाळी पिवळट तटावर ऊन पडतं तेव्हा जा.

तंजावरला आम्ही दोन दिवस राहिलो. राजराज चोळांच्या बृहदीश्वर देवळाबद्दल काय सांगायचं, १०१० साली पुरं झालेलं शिखर २०० फुटांच्या वर आहे. मी आप्पांना सरळ प्राकाराच्या नैऋत्येकडच्या भिंतीपाशी नेलं. तिथं तंजावरच्या भोसले गादीवरच्या दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०३ मध्ये भोसल्यांचा सगळा वंशेतिहास मराठीत कोरून घेतलाय. देवनागरीत, भिंतीच्या भिंती भरून. भोवती सगळीकडे जुन्या तमिळ अक्षरांचे लेख आणि मधे आपलं अक्षर. आप्पा चष्मा कपाळावर सरकवून दगडाच्या अगदी जवळ गेले. ओळीखाली बोट धरून, दगडाला न लावता, पाऊण तास वाचत होते. मधे एकदाच बोलले. "कोरणाऱ्याचा हात बघ. कुठं घसरला न्हाई." कारागिराचं आधी कारागिरीकडे लक्ष गेलं. मजकूर मग.

सरस्वती महाल ग्रंथालयातही मराठी हस्तलिखितं आणि मोडी कागद आहेत, फक्त प्रदर्शनापुरता भाग पाहायला मिळतो.

शेवटचा टप्पा दक्षिणेला, ओरत्तनाडूवरून पट्टुक्कोट्टै आणि समुद्र. ओरत्तनाडूला सरफोजींनी बांधलेलं मुक्तांबाळ छत्र आहे. वाटसरूंना राहायला-जेवायला बांधलेल्या या छत्राच्या भिंतीला दगडी चाकं आणि ओढणारी जनावरं कोरली आहेत, म्हणजे इमारतच रथ. तिथून पुढं मल्लिपट्टिणमजवळ किनाऱ्यावर एक आठमजली षट्कोनी बुरूज उभा आहे. नाव मनोरा. तमिळ माणसंही मनोराच म्हणतात. नेपोलियन हरला म्हणून इंग्रजांच्या आनंदात आनंद मानून सरफोजी राजांनी १८१४ मध्ये तो बांधला, आणि लेख कोरला त्यात मराठीही आहे. राज्य हातातून गेलेलं, नुसता किल्ला आणि तनखा उरलेला, आणि मित्राच्या विजयाचा खांब. मला ते बघून ओशाळल्यासारखं झालं. आप्पा म्हणाले, "गिऱ्हाईक मोठं असलं की करावं लागतं."

तिथला समुद्र उथळ, गढूळ, लाटच नाही. बाहेर एक बाई पनंगिळंगु विकत होती, ताडाचे उकडलेले कोंब. पोंगलच्या दिवसांतच मिळतात. आप्पांनी भाव केला, बाईनं ऐकलं नाही, आप्पांनी तिला तिच्या गावाचं नाव विचारून पुन्हा केला. मग कट्ट्यावर बसून त्यांनी कोंब सोलला, मधोमध चिरून आतली दोरी ओढून काढली आणि अर्धा नातवाला दिला. त्यानं चावून तोंड वाकडं केलं.

"दे इकडं," आप्पा म्हणाले, आणि त्याचाही खाल्ला.