साडेसहाशे सीसी आणि दूरचा रस्ता

मोठा प्रवास करून आल्यावर दुसऱ्याच दिवशी मोटरसायकल पॅडॉक स्टँडवर, म्हणजे मागचे चाक अधांतरी धरणाऱ्या स्टँडवर, चढवून चेन साफ करायची हा माझा नेम आहे, आणि आजची सकाळ त्यातच गेली. मागचे चाक हाताने सावकाश फिरवत केरोसीनमध्ये बुडवलेला मऊ ब्रश प्रत्येक कडीवर चारही बाजूंनी घासला की काळा चिकट थर सुटतो आणि पट्ट्यांच्या मधल्या रबराच्या बारीक रिंगा दिसू लागतात. कारखान्यात भरलेले ग्रीस या रिंगांच्या आत बंदिस्त असते. आपण बाहेरून वंगण लावतो ते रिंगा कोरड्या पडू नयेत, रोलर गंजू नयेत आणि स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या चकतीच्या, दातांची झीज कमी व्हावी यासाठी. पेट्रोलने धुतले किंवा तारेच्या ब्रशने खरवडले तर नेमक्या या रिंगाच खराब होतात, आतले ग्रीस निघून जाते आणि चेन ठिकठिकाणी आखडू लागते. प्रवासातही दर पाचशे-सहाशे किलोमीटरला, मुक्कामी पोचल्या पोचल्या, चेन गरम असतानाच मी वंगण लावते. गरम कड्यांत ते खोलवर उतरते आणि सकाळपर्यंत त्याचा थर नीट बसतो.

हे काम करताना मनात सारखा एकच विषय घोळत होता. स्पोर्ट बाइक ही लांबच्या प्रवासाची गाडी नव्हे, असे मला अनेकदा सांगितले जाते, आणि सांगणाऱ्यांची कारणे खोटी नसतात: बैठक पुढे झुकलेली, सामानाला जागा कमी, टाकी लहान, मागची सीट नावापुरती. तरीही दूर जायचे ठरले की मला हीच गाडी हवी असते. ती प्रवासभर माझे लक्ष मागते, माझ्याकडून काम करून घेते आणि केलेल्या कामाचे उत्तर लगेच देते. मी प्रवासाला निघते ती मुख्यतः यासाठीच.

माझी गाडी कावासाकी निन्जा ६५०. दोन सिलिंडरचे ६४९ सीसीचे इंजिन, १५ लिटरची टाकी, पेट्रोल भरूनही दोनशे किलोच्या आत राहणारे वजन आणि ७९० मिलिमीटर उंचीची सीट, हे तिचे ठळक आकडे. या वर्गाचा इतिहास मला फार आवडतो. १९८७ मध्ये आलेली होंडाची सीबीआर ६०० एफ ही चार सिलिंडरची गाडी रोजच्या वापरालाही चाले, लांबच्या पल्ल्यालाही चाले आणि रेस ट्रॅकवरही उतरे. पुढे सहाशे सीसीच्या गाड्या शर्यतीच्या ओढीने अधिकाधिक टोकदार होत गेल्या. यामाहाच्या आर ६ ची कमाल ताकद तर इंजिनाच्या मिनिटाला १४,५०० फेऱ्यांवर मिळायची. इतक्या फेऱ्या सार्वजनिक रस्त्यावर किती वेळा मिळणार? त्याच काळात दुसरीकडे सुझुकीची एसव्ही ६५० (१९९९) आणि कावासाकीची पहिली निन्जा ६५० आर (२००६) या दोन सिलिंडरच्या गाड्या साधेपणाने आपला रस्ता धरून राहिल्या. युरोपात युरो ५ चे प्रदूषण नियम आले, त्या सुमारास आर ६ तिथल्या रस्त्यांसाठी विकली जाणे थांबले, आणि २०२० मध्ये एप्रिलियाची आरएस ६६० व २०२१ मध्ये यामाहाची आर ७ आली तेव्हा या दोन्ही नव्या गाड्यांतही दोनच सिलिंडर होते. कमाल ताकदीचा आकडा कमी झाला, पण मधल्या फेऱ्यांवरचा जोर हाताशी आला. मला हा बदल मनापासून योग्य वाटतो.

इंजिनाबद्दल लिहायला बसले की माझे पान लवकर भरते. माझ्या इंजिनाचे दोन पिस्टन एकमेकांच्या उलट चालतात, म्हणजे एक वर असतो तेव्हा दुसरा खाली. त्यामुळे एका सिलिंडरमध्ये स्फोट झाला की अर्ध्या फेरीने दुसऱ्यात होतो आणि त्यानंतर दीड फेरी काहीच होत नाही. आर ७ मध्ये हेच अंतर पाऊण फेरी आणि सव्वा फेरी असे आहे, म्हणून तिचा आवाज व्ही आकाराच्या इंजिनासारखा भरदार येतो. माझ्या गाडीची लय अधिक तुटक आहे, आणि ती लय आता मला इतकी सरावाची झाली आहे की चढावर कोणत्या क्षणी गिअर उतरवायचा हे काट्याकडे न पाहता केवळ कानाने कळते. जोर साधारण साडेसहा हजार फेऱ्यांच्या आसपास सर्वाधिक असतो. चार हजारांच्या वर इंजिन मोकळे झाले की पुढे सहसा गिअर न बदलता वळणामागून वळण घेता येते. पाय ठेवायच्या फूटपेगमधून येणारी किंचित थरथर ठरावीक फेऱ्यांवर वाढते. त्या टप्प्यावर तासन् तास राहण्यापेक्षा वेग थोडा कमी किंवा थोडा जास्त ठेवावा, एवढे तिच्याशी जमवून घ्यावे लागते.

बैठकीबद्दलची तक्रार मी सर्वाधिक ऐकते, आणि तिच्याविषयी माझे मत पक्के आहे. मनगटे दुखतात ती पुढे झुकल्यामुळे दुखतात असे म्हटले जाते; मुळात ती दुखतात शरीराचा भार हातांवर टाकल्यामुळे. गुडघ्यांनी टाकी धरली, पोटाचे आणि कमरेचे स्नायू जागे ठेवले आणि कोपरे किंचित वाकलेली राहिली, तर हातांना हँडल दाबायचे आणि थ्रॉटल (ॲक्सिलरेटर) फिरवायचे एवढेच काम उरते. वेग ताशी ८०-९० किलोमीटरच्या पुढे गेला की छातीवर येणारा वाराही थोडा भार उचलतो. शहरातल्या सावकाश चालीत हा आधार नसतो, वर रेडिएटरचा पंखा सुरू होऊन गरम हवा पायांवर येते, म्हणून निघण्याच्या दिवशी गर्दी होण्यापूर्वी शहर मागे टाकणे हाच शहाणपणा.

टाकी लहान असल्याचा मला तर उपयोगच होतो. लिटरला २० ते २५ किलोमीटर धरले तर पूर्ण टाकीत तीनशेच्या पुढे जाता येते, पण मी दोनशे-सव्वादोनशेवरच पेट्रोल भरते आणि अंगालाही त्याच सुमारास उतरण्याची गरज भासू लागलेली असते. हेल्मेट काढायचे, पाणी प्यायचे, मान आणि खांदे मोकळे करायचे, टायरवरून हात फिरवून काही रुतले आहे का ते पाहायचे, चेनकडे एक नजर टाकायची. मोठ्या टाकीच्या गाडीवर हे थांबे सहज टळतात आणि थकवा नकळत साचतो. कानांचेही तसेच. ताशी १०० किलोमीटरला हेल्मेटच्या आतला वाऱ्याचा आवाज ९० डेसिबलच्या वर जातो, आणि कारखान्यातल्या कामगाराने आठ तासांसाठी ८५ डेसिबलची मर्यादा पाळावी असे तज्ज्ञ सांगतात. इअरप्लग घातल्यापासून संध्याकाळचे डोके जड होणे थांबले, शिवाय वाऱ्याचा गोंगाट गाळला गेल्यामुळे इंजिनाचा आवाज उलट स्पष्ट येऊ लागला.

सामानाची गोष्ट थोडी तपशिलाने लिहून ठेवायला हवी. या गाडीचा सायलेन्सर इंजिनाच्या खाली असल्यामुळे दोन्ही बाजूंच्या कापडी बॅगा जळण्याची भीती नाही. सायलेन्सर वर वळवलेल्या गाड्यांवर ही चिंता कायम असते. जड वस्तू, म्हणजे हत्यारे, पंक्चरचे साहित्य आणि पाणी, या बॅगांत तळाशी ठेवायच्या आणि सीटवरच्या टेल बॅगेत कपड्यांसारखे हलके सामान भरायचे. उंचावर आणि मागच्या चाकाच्याही मागे ठेवलेला प्रत्येक किलो वळणात जाणवतो. सामान लादल्यावर मागचा भाग दबतो, पुढचे चाक धरणाऱ्या फोर्कचा कल वाढतो, हँडल सुस्त होते आणि रात्री दिव्याचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. म्हणून मागच्या शॉक ॲब्सॉर्बरच्या स्प्रिंगचा प्रीलोड, म्हणजे ती आधीच किती दाबून ठेवायची ते, खाचेखाचेने वाढवावा लागतो. चेनचा संबंध इथेही येतो. पुढच्या स्प्रॉकेटचा मध्य, मागचे चाक धरणाऱ्या स्विंगआर्मचा सांधा आणि मागचा ॲक्सल हे तिन्ही बिंदू एका रेषेत आले की चेन सर्वाधिक ताणली जाते, आणि भरलेली गाडी त्या स्थितीच्या अधिक जवळ असते. रिकाम्या गाडीवर चेन घट्ट ठेवून वर सामान लादले तर खड्ड्यागणिक गिअरबॉक्सच्या शाफ्टवर आणि बेअरिंगवर ताण येतो. निर्मात्याने सांगितलेली ढील जपायची ती यासाठी.

डोंगरातल्या रस्त्यावर या गाडीचे खरे रूप दिसते, आणि या वेळच्या प्रवासातले सर्वांत चांगले तास तिथेच गेले. दुचाकी उजवीकडे वळवायची तर उजवे हँडल पुढे ढकलायचे असते. चाक क्षणभर डावीकडे फिरते आणि गाडी उजवीकडे कलते. विमानाच्या शोधासाठी ओळखले जाणारे विल्बर राइट मुळात सायकलींच्या धंद्यातले. डावीकडे कसे वळता, असे त्यांनी कित्येक सायकलस्वारांना विचारले होते, आणि आधी चाक उजवीकडे न्यावे लागते हे पहिल्या प्रश्नाला एकालाही नेमके सांगता आले नाही. शरीराला ठाऊक असते, डोक्याला नसते. हलक्या स्पोर्ट बाइकवर मात्र ही क्रिया जाणीवपूर्वक करता येते, तळहाताच्या दाबाइतकी सूक्ष्म करता येते, आणि एकदा ती हाताखाली आली की घाबरून ब्रेक दाबण्याऐवजी हँडल आणखी थोडे ढकलण्याचे धैर्य येते.

वळणाआधी सरळ रस्त्यावरच ब्रेक संपवायचा, गिअर उतरवायचा, नजर वळणाच्या दूरच्या टोकाकडे न्यायची आणि रस्ता पुढे उघडताना दिसेपर्यंत आतल्या कडेला जाण्याची घाई करायची नाही. गिअर पटकन उतरवला तरी इंजिनाचा झटका सैल करणाऱ्या स्लिपर क्लचमुळे मागचे चाक उडत नाही, पण त्या सोयीवर विसंबून राहणे मला पसंत नाही. थ्रॉटलची एक हलकी झेप देऊन इंजिनाच्या फेऱ्या चाकाच्या वेगाशी जुळवण्यातच समाधान आहे. मग कलतीतच थ्रॉटल किंचित उघडून स्थिर ठेवला की पुढच्या चाकावरचा भार हलका होतो, सस्पेन्शन मधोमध येऊन बसते आणि गाडी रेघ ओढावी तशी वळणातून बाहेर पडते. मोठ्या, दुप्पट ताकदीच्या गाडीवर अशा रस्त्यात थ्रॉटल सतत आवरता घ्यावा लागतो. इथे दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, कायद्याच्या वेगमर्यादेत राहूनही, इंजिनाचा जोर पुरेपूर वापरता येतो, आणि तो वापरायचा की नाही हे ठरवायला वेळही मिळतो.

एका दुपारी वरच्या अंगाला अचानक पाऊस आला. पावसाची पहिली काही मिनिटे सर्वांत निसरडी असतात, कारण रस्त्यावर साचलेले तेल आणि धूळ पाण्याबरोबर वर येते. म्हणून सुरक्षित जागा पाहून बाजूला थांबले आणि रस्ता धुऊन निघाल्यावर पुढे गेले. त्यानंतर पांढरे पट्टे आणि लोखंडी झाकणे टाळत, ब्रेकचा दाब हळूहळू वाढवत, एक गिअर वरचा ठेवून चालवताना हात इतके शांत राहिले की त्या ओल्या उतरणीची आठवण मला कोरड्या वळणांपेक्षा जास्त प्रिय झाली आहे.

आज धुतल्यावर टायर नीट पाहिले. मागचा १६० मिलिमीटर रुंदीचा टायर मधोमध सपाट झाला आहे, बाजूला मात्र रबर शिल्लक आहे. महामार्गावर गाडी उभीच चालते, मधला भाग तेवढा झिजतो आणि मग वळणात गाडी कलताना कडेवरून घसरल्यासारखी एकदम पडते. प्रवासाच्या शेवटच्या टप्प्यात ती जाणीव होत होतीच. खाचांची खोली अजून कायदेशीर आहे, पण मी टायर बदलणार आहे, आणि या वेळी मधे कडक व कडेला मऊ रबर असलेला स्पोर्ट टूरिंग टायर घेईन. दुकानात बसवण्याआधी बाजूवरचे चार आकडी तारीखचिन्ह वाचायचे आहे. पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात, तेव्हा २४२३ असेल तर तो २०२३ च्या चोविसाव्या आठवड्यातला टायर समजायचा. हवा सकाळी टायर थंड असतानाच मोजायची. प्रीलोड रिकाम्या गाडीच्या खाचेवर परत आणला आहे, चेनची ढील टायर बसवून झाल्यावर पुन्हा मोजेन, आणि पुढच्या ब्रेक पॅडची जाडी पाहायची आज राहिली ती उद्या पाहीन.